ऐकण्याची विद्या

घरांतील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयांत जाऊन वैद्यक, स्थापत्य अथवा कायदा शिकूं लागली, म्हणजे तेथें काय शिकवितात हें वडील मंडळींना विचारावें लागत नाहीं. परंतु श्राव्यकथा आणि ध्वनिकला हा आपला अभ्यासविषय आहे असें एखाद्या मुलीनें सांगितलें, कीं घरांत क्षणभर शांतता पसरते. कान परमेश्वरानें सर्वांनाच दिले आहेत. गोष्ट सांगावयास आजीबाईंना कोणत्याहि विद्यापीठानें शिकविलें नव्हतें. ध्वनिमुद्रणाचें यंत्र तर आतां प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनमध्येंच आहे. मग दोन-तीन वर्षें आणि बरेंचसें द्रव्य खर्चून शिकावयाचें तें काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तरहि सरळ आहे. ह्या विषयांत प्रथम शिकावयाचें तें बोलणें नव्हे, यंत्र चालविणेंहि नव्हे. शिकावयाचें तें ऐकणें. आणि जें ऐकलें त्याच्याशीं प्रामाणिक राहणें, हा त्या शिक्षणाचा शेवटचा आणि सर्वांत अवघड पाठ होय.

आपल्या देशांत विद्यालय आणि नभोवाणी यांचा संबंध जुना आहे. १९३५ सालीं म्हैसूर येथील महाराजा कॉलेजांतील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनीं आपल्या राहत्या घरीं एक लहानसें ध्वनिक्षेपण केंद्र उभारलें. 'आकाशवाणी' हें नांव त्या केंद्राचें. पुढें १९५७ सालीं तें साऱ्या देशाच्या नभोवाणीनें स्वीकारलें. विद्यार्थ्यांच्या हातीं स्वतःचें केंद्र येण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागला. डिसेंबर २००२ मध्यें शिक्षणसंस्थांना अशीं केंद्रें चालविण्याची मुभा मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजीं चेन्नईच्या अण्णा विद्यापीठांत देशांतील पहिलें विद्यापीठीय केंद्र सुरू झालें. त्यानंतर पुणें विद्यापीठानेंहि १०७.४ मेगाहर्ट्‌झवर 'विद्यावाणी' हें केंद्र काढलें. अशा केंद्राची शक्ति साधारणतः १०० वॉटची असते, आणि त्याची हांक जेमतेम दहा-बारा किलोमीटरपर्यंत पोंचते. परंतु शिकणाऱ्याला तेवढें अंगण पुरतें. पुण्यांतच लॉ कॉलेज रस्त्यावर, जेथें एके काळीं प्रभात कंपनीचे चित्रपट निघत, तेथें १९६० सालीं स्थापन झालेल्या चित्रपट-शिक्षणसंस्थेंत ध्वनीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तेथें शिकलेले रसूल पूकुट्टी यांना २००९ सालीं अन्य दोघां सहकाऱ्यांसह ध्वनिमिश्रणाबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळालें.

अशा वर्गांतला पहिला पाठ फार साधा असूं शकतो. विद्यार्थ्यानें डोळे मिटून एके ठिकाणीं दहा मिनिटें बसावें आणि कानीं पडलेला प्रत्येक आवाज नंतर वहींत टिपावा. पहिल्या दिवशीं चार-पांच ओळी होतात : पंखा, मोटार, कावळा, कोणाचें तरी बोलणें. आठवडाभर हाच नेम चालला कीं पान पुरत नाहीं. पंख्याची कुरकुर एका विशिष्ट ठिकाणीं अडखळते. जिन्यावरून चढणारा माणूस पायांत चपला घालून आहे, आणि त्याच्या हातांत बहुधा जड पिशवी आहे. शेजारच्या घरीं फोडणी पडली, आणि ती मोहरीची होती. हे आवाज आधींहि होतेच. ते ऐकूं येत होते, पण ऐकले जात नव्हते.

याचें कारण असें कीं, माणसाच्या कानामागें त्याचें मन बसलेलें असतें, आणि तें सतत निवड करीत असतें. १९५३ सालीं कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञानें प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, दोन कानांत एकाच वेळीं दोन निराळीं भाषणें सोडलीं, तरी मनुष्य त्यांपैकीं एकाचा माग नीट ठेवूं शकतो. मात्र दुसऱ्या भाषणांतलें त्याच्या ध्यानांत जवळ जवळ कांहींच राहत नाहीं. लग्नघरच्या गलबल्यांतहि आपल्या माणसाचें बोलणें समजतें तें ह्याच शक्तीमुळें. मायक्रोफोनला मन नाहीं. तो आजीच्या आठवणी आणि स्वयंपाकघरांतल्या फ्रीजची घरघर सारख्याच निष्ठेनें टिपतो. विद्यार्थी मोठ्या उत्साहानें मुलाखत मुद्रित करून आणतो आणि ऐकूं लागतो, तों आजीपेक्षां फ्रीजच अधिक बोललेला असतो. जी निवड मन नकळत करीत असे, ती आतां जाणून-बुजून करावयाची, हेंच ह्या विद्येचें प्रवेशद्वार होय.

ऐकूं येतें पण दिसत नाहीं, ही श्राव्यकथेची उणीव कीं सामर्थ्य, याचा निकाल फार पूर्वींच लागला आहे. १५ जानेवारी १९२४ रोजीं बीबीसीनें लंडनहून 'डेंजर' नांवाची श्रुतिका प्रसारित केली. केवळ नभोवाणीसाठीं लिहिलेलें पहिलें नाटक म्हणून तिचा उल्लेख होतो. लेखक रिचर्ड ह्यूज त्या वेळीं अवघे तेवीस वर्षांचे होते. श्रोत्यांना कांहींच दिसणार नाहीं, ही अडचण त्यांनीं कथेंतच सामावून घेतली. वेल्समधील कोळशाची खाण पाहावयास गेलेलीं माणसें खोल भुयारांत आहेत, एकाएकीं दिवे जातात, आणि पुढें पाणी चढूं लागतें. पात्रांनाहि दिसत नाहीं आणि श्रोत्यालाहि नाहीं; दोघेहि एकाच अंधारांत सांपडतात. माध्यमाची मर्यादा हीच कथेची निकड बनविणें, हा धडा विद्यार्थ्यांना आजहि ह्याच उदाहरणावरून सांगतां येतो.

लेखनाचा अभ्यास येथूनच सुरू होतो, आणि बी. ए. च्या निबंधांत पारितोषिकें मिळविणारी लेखणी येथें पुष्कळदां अडखळते. छापील पानावरचा वाचक मागें वळून पुन्हां वाचूं शकतो. श्रोत्यापुढून वाक्य गेलें कीं गेलें. म्हणून वाक्य एका श्वासांत मावेल एवढेंच असावें, पात्राचें नांव लवकर कानीं पडावें, आंकडे मोजके असावेत. याहून महत्त्वाचें म्हणजे, जें दिसावयाचें तें शब्दांनीं सांगत बसूं नये. नवखा विद्यार्थी लिहितो, “अगबाई, भिजलेली छत्री हातांत घेऊन हे काका दारांतून आंत येत आहेत !” घरांत असें कोणी बोलत नाहीं. त्याऐवजीं कडी वाजावी, बाहेरचा पाऊस क्षणभर मोठा व्हावा, आणि मीनानें एवढेंच म्हणावें, “अहो काका, ती छत्री बाहेरच राहूं द्या.” काका, पाऊस, ओली छत्री, नुकतीच पुसलेली फरशी आणि मीनाचा थोडासा त्रागा, हें सर्व श्रोत्यानें स्वतःच रंगविलें, आणि जें चित्र आपलें आपण रंगविलें तें तो सहसा विसरत नाहीं.

नंतर मायक्रोफोनची ओळख. बाहेरच्यांना हें केवळ यंत्रज्ञाचें काम वाटतें. वस्तुतः तो कथनाचाच भाग आहे. तोंड आणि मायक्रोफोन यांमधील अंतर दुप्पट केलें, कीं सरळ येणाऱ्या आवाजाची पातळी सुमारें सहा डेसिबलनीं उतरते. परंतु भिंतींवरून परतणारा घुमारा जवळ जवळ होता तेवढाच राहतो. म्हणून दूर गेलेल्या माणसाचा आवाज नुसता लहान होत नाहीं, तो खोलींत बुडतो. यंत्राचें बटण फिरवून आवाज लहान केला, तर माणूस दूर गेल्यासारखा न वाटतां जवळच बसून पुटपुटल्यासारखा वाटतो. विदाभर अंतरावरून बोललेलें वाक्य श्रोत्याच्या कानांत सांगितलेलें गुपित होतें. तेंच वाक्य दोन हातांवरून बोललें तर भाषण होतें. 'फ' आणि 'भ' उच्चारतांना तोंडांतून जो हवेचा झोत सुटतो तो मायक्रोफोनवर आदळून धप्प आवाज होतो. त्यासाठीं मायक्रोफोन ओठांच्या अगदीं समोर न धरतां किंचित् बाजूस धरावयाचा. ज्या विद्यार्थ्याला स्टुडिओ मिळत नाहीं, तो कपड्यांनीं भरलेल्या कपाटाकडे तोंड करून किंवा डोक्यावरून गोधडी घेऊन वाचतो. मऊ कापड घुमारा शोषून घेतें, आणि काम निभावतें.

आवाजांच्या नकलेचा भाग विद्यार्थ्यांना सर्वांत आवडतो. नारळाच्या करवंट्यांनीं घोडा धांवतो. कुरकुरीत पारदर्शक कागद हळूहळू चुरगळला कीं शेकोटी पेटते. तव्यावरचा चुरचुराट दुरून पावसासारखा भासतो. अमेरिकेंत बोलपट आले त्या दिवसांत जॅक फोली नांवाच्या गृहस्थानें पडद्यावरील पात्रांच्या पावलांचे आवाज स्वतः चालून भरण्याची पद्धत रूढ केली, आणि त्या कामाला आजहि त्याचेंच नांव आहे. पॅरिसमध्यें पिएर शेफर या नभोवाणीच्या अभियंत्यानें १९४८ सालीं याच्या पुढचें पाऊल टाकलें. रेल्वे-स्थानकावर जाऊन त्यानें इंजिनांचे फूत्कार, शिट्ट्या आणि चाकांचा खडखडाट तबकड्यांवर मुद्रित केला आणि केवळ त्या आवाजांची जुळणी करून एक रचना सिद्ध केली. आवाज हा कथेचा नोकर आहे, तसाच तो स्वतःहि कथा सांगूं शकतो, असें तेव्हां दिसून आलें. पण नवखे हात येथेंच चुकतात. दार वाजविलें, कुत्रा भुंकविला, घड्याळ टिकटिकविलें, वर सतार लावली, आणि कथा त्या बाजारांत हरवली. अनुभवी शिक्षक आवाज घालण्यापेक्षां काढून टाकण्यासच अधिक सांगतो. ज्या प्रसंगीं पात्राला दुःखद वार्ता समजते, तेथें पंख्याचा आवाज एकाएकीं थांबला तर तें कोणत्याहि वाद्यापेक्षां अधिक बोलतें.

निवेदनाचें महत्त्व समजून घेण्यास महाराष्ट्रांतल्या विद्यार्थ्याला परदेशीं जावयास नको. पुणें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें आणि १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, तेथून 'गीतरामायण' प्रसारित होऊं लागलें. ग. दि. माडगूळकरांचीं ५६ गीतें, सुधीर फडक्यांचें संगीत, आणि वर्षभर दर आठवड्यास घरोघर लागलेली वाट. येथें एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. श्रोत्यांपैकीं बहुतेकांना कथा तोंडपाठ होती. पुढें काय होणार ह्याची उत्कंठा मुळींच नव्हती. मग ओढ कशाची? तर प्रत्येक प्रसंग आतां कोणाच्या मुखानें ऐकावयास मिळणार, याची. गीतें निरनिराळ्या पात्रांच्या तोंडीं होतीं आणि तीं गाण्यासाठीं निरनिराळे गळे योजले होते. घटना तीच, परंतु ती सांगणारा जीव बदलला कीं अर्थ बदलतो. श्राव्यकथेंत 'काय घडलें' यापेक्षां 'कोण सांगतो आहे' हा प्रश्न वरचढ ठरतो, तो असा.

आणि ह्याच प्रश्नापाशीं शिक्षणाचा दुसरा, अधिक गंभीर भाग सुरू होतो. कवि आणि नट यांचे आवाज बाजूस ठेवून जेव्हां विद्यार्थी खऱ्या माणसांपुढें मायक्रोफोन धरतो, तेव्हां त्याच्या हातीं दुसऱ्याची वस्तु येते. या बाबतींत एक ब्रिटिश उदाहरण ध्यानीं घेण्यासारखें आहे. फेब्रुवारी १९५७ मध्यें जॉन ॲक्सन नांवाच्या इंजिन-ड्रायव्हरच्या गाडीची ब्रेकला वाफ पुरविणारी नळी फुटली. गाडी उतारावर अनावर झाली असतांहि तो इंजिनावरच राहिला आणि त्यांतच त्याचा अंत झाला. त्याच्यावर बीबीसीसाठीं कार्यक्रम करण्याचें चार्ल्स पार्कर, इवन मॅकॉल आणि पेगी सीगर यांनीं हातीं घेतलें. त्या काळचा रिवाज असा कीं, लोकांच्या मुलाखती टिपून घ्यावयाच्या, त्यांवरून संहिता लिहावयाची आणि ती नटांकडून वदवावयाची. परंतु रेल्वे कामगारांचें मुद्रित बोलणें ऐकतां ऐकतां त्यांना असें आढळलें कीं, ही भाषा, हे अडखळे, हे उच्चार कोणत्याहि नटाला साधणार नाहींत. नट वगळण्यांत आले. २ जुलै १९५८ रोजीं तो कार्यक्रम प्रसारित झाला, त्यांत गीतांच्या जोडीला कामगारांचे स्वतःचेच आवाज होते. सामान्य माणसाचें बोलणें हा कच्चा माल नसून तीच पक्की वस्तु आहे, हें त्यामुळें पटलें.

महाराष्ट्रांत ह्याच जातीचें एक फार मोठें काम झालें आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं सहकाऱ्यांसह विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गांवोगांव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांपैकीं कित्येक ध्वनिमुद्रितहि झाल्या, आणि २०१७ सालापासून 'पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संकेतस्थळावर त्या सर्वांसाठीं खुल्या होऊं लागल्या. गांवांत पिठाच्या गिरण्या आल्या, आणि पहाटेचें दळण थांबलें. ओवी कागदावर उतरून घेतां येते, पण दळतांना लागलेली धाप, जात्याची घरघर, दुसऱ्या बाईनें मध्येंच उचललेला सूर हें कागदावर येत नाहीं. जो विद्यार्थी एकदां अशी मुद्रिका लक्षपूर्वक ऐकतो, त्याला आपल्या खिशांतील यंत्राची खरी किंमत कळते, आणि आपल्यावर काय जबाबदारी आहे तीहि कळते.

मुलाखतीचा पाठ शिष्टाचारापासून सुरू होतो. आधीं परवानगी घ्यावी, आणि ध्वनिमुद्रण कशासाठीं आहे तें स्वच्छ सांगावें. पंखा बंद करावा, खिडकी लावून घ्यावी. 'होय' किंवा 'नाहीं' एवढ्यानें संपेल असा प्रश्न विचारूं नये. “तुम्हांला वाईट वाटलें असेल ना?” असें विचारल्यास समोरचा माणूस भिडेनें 'हो' म्हणतो, “त्या दिवशीं सकाळीं काय काय झालें?” असें विचारल्यास तो त्या सकाळींत परत जातो. आणि उत्तर संपलेंसें वाटलें तरी तीन-चार सेकंद गप्प राहावें. तरुण माणसांना ही शांतता असह्य होते, म्हणून ते दुसरा प्रश्न पुढें करतात. परंतु पुष्कळदां खरी गोष्ट त्या विरामानंतरच येते. निघण्यापूर्वीं रिकाम्या खोलीची नुसती शांतता अर्धा-एक मिनिट मुद्रित करून घ्यावी. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, आणि पुढें वाक्यें जुळवितांना सांधे झांकण्यास तीच उपयोगी पडते.

सांधे झांकण्याचें हें कसब हातीं आलें, कीं परीक्षेची वेळ येते. पूर्वीं ध्वनिफीत ब्लेडनें कापून चिकटवीत. आतां आवाजाचे दर सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेऊन यंत्र त्यांचे आंकडे करतें, आणि विद्यार्थी पडद्यावर पाहून एखादा श्वासहि वेगळा काढूं शकतो. समजा, मुंबईच्या गिरणगांवांतील एक वृद्ध कामगार १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपाविषयीं बोलत आहे. तो म्हणतो, “संपांत घर गेलें. पण माणसें कळलीं.” मग थांबतो, आणि हळूच म्हणतो, “पुन्हां तसा प्रसंग आला तर काय करीन, सांगवत नाहीं.” पहिल्या वाक्यावर कापलें तर ती करुणकथा होते. दुसऱ्यावर कापलें तर वीरकथा होते. दोन्ही ऐकावयास बऱ्या वाटतात, दोहोंना टाळ्या मिळतील, आणि दोहोंतील प्रत्येक शब्द त्या वृद्धाच्याच तोंडचा असेल. तरीहि दोन्ही खोट्या. त्याचें सत्य त्या तिसऱ्या, अर्धवट वाक्यांत आहे, आणि तें वाक्य ठेवल्यास कथेचा शेवट गोळीबंद होत नाहीं. कथा सुबक करावी कीं माणूस शाबूत ठेवावा, असा हा पेंच आहे. जुळणी करतांना अडखळे काढावेत, पुनरुक्ति वगळावी, वेळहि वांचवावा. मात्र काम पुरें झाल्यावर तें त्याच माणसापुढें लावलें असतां त्यानें मान डोलवून 'हो, हेंच म्हणालों' असें म्हणावें, ही कसोटी सोडूं नये.

हल्लीं ह्या कसोटीला अधिकच धार आली आहे. थोडक्याशा नमुन्यावरून एखाद्याचा आवाज हुबेहूब निर्माण करणारीं यंत्रें निघालीं आहेत. जें वाक्य माणूस कधींच बोलला नाहीं तें त्याच्या आवाजांत ऐकवितां येतें. अशा काळांत श्रोता तंत्रावर नव्हे, सांगणाऱ्याच्या सचोटीवर विसंबून असतो. म्हणून मूळ मुद्रिका जशीच्या तशी जतन करणें, तिच्यावर नांव, ठिकाण आणि दिनांक लिहून ठेवणें, ह्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या संवयींना मोल आलें आहे. राहिला उदरनिर्वाहाचा प्रश्न. आकाशवाणीखेरीज बोलकीं पुस्तकें, चित्रपट, जाहिराती, वस्तुसंग्रहालयें आणि २००४ पासून 'पॉडकास्ट' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कथामाला, अशीं अनेक क्षेत्रें ह्या विद्येला मोकळीं आहेत. सर्वांनाच त्यांत मानाचें स्थान मिळेल असें नाहीं. परंतु तें कोणत्या विद्येंत मिळतें?

ज्या घरांत असा विद्यार्थी आहे, त्या घरानें त्याच्या अभ्यासाची परीक्षा सहज घेऊन पाहावी. घरांतल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ त्याला तासभर बसूं द्यावें, आणि नंतर त्या तासांतून त्यानें जुळविलेलीं दहा मिनिटें सर्वांनीं एकत्र ऐकावींत. त्या दहा मिनिटांत शेंकडों वेळां ऐकलेल्या आजोबांचें एखादें वाक्य प्रथमच ऐकूं आलें, आणि स्वतः आजोबांनाहि तें आपलें वाटलें, तर मुलाचीं वर्षें फुकट गेलीं नाहींत असें खुशाल समजावें.